बर्फातून तार आरपार, तरी ठोकळा अखंड: पुनर्हिमायनाचा प्रयोग फसू नये म्हणून

दहावीच्या विज्ञानात 'उष्णता' या धड्यात पुनर्हिमायनाचा प्रयोग आहे. पुनर्हिमायन म्हणजे दाबाने बर्फ वितळणं आणि दाब निघाला की पुन्हा गोठणं. बर्फाच्या ठोकळ्यावर बारीक तार टाकायची, तिच्या दोन्ही टोकांना वजनं लटकवायची आणि बघत राहायचं. तार हळूहळू बर्फात शिरते, खालून बाहेर पडते आणि ठोकळा एकसंधच राहतो. वाचायला अगदी सोपं. पण विज्ञान प्रदर्शनांच्या दिवसांत मुलं आणि पालक त्याच तीन तक्रारी घेऊन येतात: तार जागची हललीच नाही, ठोकळा तडकून दोन तुकडे झाले, किंवा तार खाली गेली पण मागे खाच उघडीच राहिली. तिन्ही वेळा चूक झालेली असते ती वजन लटकवण्याच्या आधी, तयारीत.

## सुरुवातीलाच एक आकडा

दाब वाढला की बर्फाचा द्रवणांक, म्हणजे तो ज्या तापमानाला वितळतो ते तापमान, खाली जातो, पण फार थोडा. एक वातावरण (म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या नेहमीच्या दाबाइतका) दाब वाढवला तर जेमतेम ०.००७५ अंश सेल्सिअस. एक पूर्ण अंश खाली आणायला सुमारे १३३ वातावरण दाब लागतो. घरी किंवा वर्गात तार आणि वजनं वापरून आपण साधारण १५ ते २० वातावरणांपर्यंत पोचतो, म्हणजे द्रवणांक एका अंशाच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतका उतरतो.

याचा अर्थ असा की दाब बर्फाला फक्त शेवटचा धक्का देऊ शकतो. बर्फ आधीच शून्याच्या उंबरठ्यावर उभा असेल तरच तो धक्का पुरतो. फ्रीजरमधून काढलेला बर्फ उणे १५ ते उणे १८ अंशांवर असतो. तारेखाली तो नुसत्या दाबाने वितळवायचा तर दीड हजाराहून जास्त वातावरणं दाब लागेल. आपल्या मांडणीत ते वजन होतं चारशे किलोंच्या घरात, आणि तार त्याच्या कितीतरी आधी तुटेल.

गोळेवाल्याचा हात आठवा. किसलेला बर्फ मुठीत घेऊन तो काडीभोवती दोन-तीनदा दाबतो आणि गोळा घट्ट बसतो. त्याच्या किसाला पाणी सुटलेलं असतं, म्हणजे बर्फ शून्यावर आलेला असतो. घरी फ्रीजरमधला खडखडीत बर्फ किसून लगेच दाबून बघा, काडी उचलताच भुगा सांडतो.

## १. ठोकळा गोठवणं

लांबट डबा घ्या. साधारण २० सेंटिमीटर लांब, ८ रुंद आणि १० उंच, आइस्क्रीमचा किंवा ब्रेडचा चालेल. पाणी उकळून झाकून थंड करा. उकळल्याने विरघळलेली हवा बरीच निघून जाते आणि बर्फात बुडबुडे कमी राहतात. डबा काठोकाठ भरू नका. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, भरलेला डबा हमखास फुटतो.

डब्याच्या चारही बाजूंना आणि तळाला थर्माकोल लावा, वरचं तोंड उघडं ठेवा. आता पाणी वरून खाली गोठत जातं आणि उरलेली हवा तळाकडे ढकलली जाते. एरवी ठोकळा सगळीकडून आत गोठतो, पोटात पांढरट गाभा तयार होतो आणि शेवटी गोठणाऱ्या पाण्याच्या फुगवट्याने तिथेच चिरा पडतात. तार नेमकी त्या चिरेपाशी पोचली की ठोकळा दुभंगतो. थर्माकोल लावल्यावर गोठायला दिवस-दीड दिवस लागतो. तळाशी बोटभर पाणी शिल्लक असतानाच डबा बाहेर काढलात तर गढूळ भाग आपोआप वगळला जातो.

अर्धं पाणी आज आणि अर्धं उद्या, असं थरांनी गोठवू नका. दोन थरांच्या मधला सांधा कच्चा राहतो.

बाजारातली लादी चालेल का, असं बरेच जण विचारतात. चालेल. दुकानापर्यंत येताना ती बहुधा शून्यावर पोचलेली असते, हा तिचा फायदाच. मात्र लादी मिठाच्या थंडगार पाण्यात डबे बुडवून गोठवतात, शिवाय तिची ने-आण कशाकशातून होते हे आपल्याला माहीत नसतं. मिठाचा अंश राहिला तर बर्फ दाबाशिवायच वितळतो आणि प्रयोग खोटा पडतो. तुकडा वाहत्या पाण्याखाली नीट धुऊन घ्या आणि हा बर्फ तोंडात घालू नका.

तपासणी: ठोकळा उजेडासमोर धरा. तार जिथून जाणार तिथे आरपार चीर दिसली तर ठोकळा बाद. बारीक बुडबुडे असले तर हरकत नाही.

## २. बर्फ शून्यावर आणणं

बहुतेक प्रयोग या टप्प्यावर फसतात, कारण तो कुणी टप्पा म्हणून मोजतच नाही. बर्फ काढला, ठेवला, वजन लटकवलं, की झालं असं वाटतं.

सगळ्यात खात्रीचा उपाय फ्रीजमध्येच आहे. आदल्या रात्री झोपताना ठोकळा फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा. परातीत दोन लाकडी चमचे आडवे टाका आणि त्यांवर ठोकळा ठेवा, म्हणजे तो साचलेल्या पाण्यात बसणार नाही. खालच्या कप्प्यात ३ ते ५ अंश तापमान असतं. तेवढ्यात बर्फ सावकाश, आतपर्यंत एकसारखा शून्यावर येतो आणि सकाळपर्यंत वितळतो अगदी थोडा.

रात्रीची सोय नसेल तर ठोकळा खोलीत पाऊण ते एक तास ठेवावा लागेल. त्याचा पृष्ठभाग पाच मिनिटांत ओला होतो आणि तिथेच माणूस फसतो. बाहेरून पाणी सुटलं तरी पोट अजून उणे दहावर असू शकतं. तार पहिले दोन-चार मिलिमीटर झपाट्याने आत जाते आणि मग अडकून बसते. 'सुरुवातीला जात होती, नंतर थांबली' या तक्रारीचं बहुतेक वेळा हेच कारण असतं.

बर्फ तयार झाला की नाही हे डोळ्यांनी ओळखता येतं. फ्रीजरमधून काढलेल्या ठोकळ्यावर पांढुरकी भुकटी धरलेली असते आणि ओलं बोट लावलं तर ते चिकटतं. थोड्या वेळाने भुकटी जाते, ठोकळा काचेसारखा स्वच्छ होतो आणि अंगभर घामेजतो. आतून काही वेळा बारीक 'टिक टिक' असा तडतडण्याचा आवाज येत असतो. आतला आणि बाहेरचा भाग वेगवेगळ्या तापमानावर असल्याची ती खूण आहे. आवाज थांबेपर्यंत वजनाला हात लावू नका.

आकड्यात हवं असेल तर मासे पाळणारे टाकीत वापरतात तो वायरवाला डिजिटल थर्मामीटर घ्या. पाणी गोठवतानाच त्याचं टोक डब्यात, एका कडेला, तारेच्या वाटेपासून लांब सोडून द्या. असे स्वस्त थर्मामीटर अंशभर चुकतात, म्हणून बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी ढवळून त्यात तो काय दाखवतो हे आधी बघून ठेवा. तोच तुमचा शून्य. ठोकळ्याच्या पोटातला आकडा तिथे पोचून स्थिरावला की पुढे जायचं.

सावधान: घाई म्हणून ठोकळ्यावर गरम पाणी ओतू नका. तो तडकन फुटतो.

## ३. तार आणि वजनं

तार बारीक, मजबूत आणि धातूची हवी. गिटारची वेटोळं नसलेली पोलादी तार, साधारण ०.३ मिलिमीटर जाडीची, यासाठी उत्तम. वाद्यांच्या दुकानात सुटी मिळते. सतारीची पोलादी तारही चालते.

तांब्याची तार हवी असेल तर मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे वाइंडिंगची तार मिळते, २२ नंबरची मागा. ती सुमारे ०.७ मिलिमीटर असते आणि दर बाजूला दोन किलो निभावते. त्याहून बारीक तांब्यावर जास्त वजन टाकलं तर तार आधी ताणते, मग तुटते. तार जाड झाली की तेवढ्याच वजनाला दाब कमी पडतो हेही लक्षात ठेवा.

वजनासाठी पाण्याच्या दोन लिटरच्या दोन बाटल्या घ्या, म्हणजे एकूण चार किलो. दोन्ही बाटल्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर सारख्या करून घ्या. एक बाजू जड असेल तर तार त्या बाजूला सरकत राहते आणि बर्फ करवतल्यासारखा कापते. तसं झालं तर दिसलेल्या परिणामात दाब किती आणि घासणं किती, हे सांगता येत नाही.

पोलादी तारेला साधी गाठ टिकत नाही. टोकाला फास करून पकडीने सहा-सात पीळ घाला. बाटलीच्या गळ्याला सुतळी बांधा आणि सुतळीचा फास तारेच्या फासात अडकवा.

सावधान: ताणलेली पोलादी तार तुटली तर ती उसळून सरळ तोंडाकडे येते. चष्मा किंवा गॉगल घातल्याशिवाय मुलांना जवळ येऊ देऊ नका.

## ४. मांडणी

सारख्या उंचीची दोन बाकं किंवा टेबलं घ्या आणि मधे १४ सेंटिमीटरची फट ठेवा. ठोकळ्याची दोन्ही टोकं सुमारे ३-३ सेंटिमीटर टेकतील. टेकतात तिथे खाली लाकूड हवं. पाटाचा तुकडा किंवा जाड फळी चालेल. स्टीलच्या टेबलावर ठोकळा थेट ठेवला तर खालून भराभर वितळतो आणि सरकायला लागतो. फळीवर ओलं फडकं पसरलं की ठोकळा जागेवर राहतो. खाली परात किंवा घमेलं ठेवा.

तारा ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंनी सरळ उभ्या लोंबायला हव्यात. काही जण दोन्ही टोकं खाली एकत्र आणून एकच बादली अडकवतात. तशाने तार तिरकी होते, ठोकळ्याच्या खालच्या कडा कापते आणि तुकडे पडतात.

बाटल्यांचा तळ आणि जमीन यांत किमान १५ सेंटिमीटर अंतर ठेवा. तार जसजशी खाली येते तशा बाटल्याही खाली येतात. त्या जमिनीला टेकल्या की दाब संपला. हे न सुचल्यामुळे अर्ध्यावर थांबलेले प्रयोग मी पाहिले आहेत आणि दोष दिला जातो बर्फाला. जमिनीवर गोणपाट अंथरा, शेवटी बाटल्या त्यावरच पडणार आहेत.

पंखा बंद करा. वाऱ्याने बर्फाचा पृष्ठभाग झपाट्याने झडतो. शक्य तर हा प्रयोग सकाळी करा. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी तार आरपार जाण्याआधी ठोकळाच निम्मा होतो.

## ५. तुलनेची तार

ही दुसरी तार लावल्याशिवाय प्रयोगातून दाबाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

खोलीत २८-३० अंश असतात आणि तार धातूची. बाहेर लोंबणारा तिचा भाग खोलीतली उष्णता आत नेतो. बर्फ वितळण्यात या उष्णतेचाही वाटा असतो, आणि परीक्षकाने 'हे दाबामुळेच कशावरून?' असं विचारलं तर उत्तर तयार हवं. म्हणून त्याच ठोकळ्यावर, पाच सेंटिमीटर अंतरावर, त्याच जातीची दुसरी तार टाका. तिला दोन्ही बाजूंना फक्त ५०-५० ग्रॅमचे नटबोल्ट लावा, तार ताठ राहण्यापुरते. ते बाटल्यांना अडकू नयेत म्हणून थोडे वर लटकवा.

हलकी तारही थोडी आत जाईल. जाऊ द्या. आपल्याला मोजायचंय ते दोन तारांच्या खोलीतलं अंतर. यात आणखी एक सोय आहे. ठोकळ्याचा वरचा पृष्ठभाग सतत वितळत असतो, त्यामुळे वरून मोजलेली खोली दर वेळी चुकते. दोन तारांतला फरक घेतला की ती चूक दोन्हीकडून वजा होते.

वेळ असेल तर तिसरा प्रयोग दुसऱ्या ठोकळ्यावर करा. तारेऐवजी साधारण तेवढ्याच जाडीचा, मासेमारीचा तंगूस घ्या. पुरेसं वजन पेलेल असा बघून घ्या आणि वजन तेच ठेवा. दाब जवळपास सारखाच, पण तंगूस फार सावकाश उतरतो. त्याचं कारण समजलं की सगळा प्रयोगच समजतो. तारेखालचा बर्फ वितळतो, ते पाणी तारेला वळसा घालून वर येतं, तिथे दाब नसल्याने पुन्हा गोठतं आणि गोठताना अप्रकट उष्मा बाहेर टाकतं. ही उष्णता तारेतून झिरपत खाली जाते आणि खालचा बर्फ वितळवायला कामी येते. धातूतून ती सहज जाते. तंगूस उष्णतेचा मंदवाहक, तिथे ती अडते.

## ६. वजन चढवणं आणि वाट पाहणं

क्रम असा ठेवा. आधी तार ठोकळ्यावर मधोमध टाका आणि ती सरळ बसल्याची खात्री करा. मग दोन जणांनी दोन्ही बाटल्या तळाशी हात धरून एकाच वेळी अडकवा आणि हळूहळू हात सोडा. एक बाटली आधी आणि दुसरी नंतर लावली तर तार सरकते. सोडताना झटका बसला तर ठोकळा तडकतो.

मागे सेंटिमीटरची पट्टी उभी करा आणि दर दहा मिनिटांनी त्याच जागेवरून फोटो काढा. ८ ते १० सेंटिमीटर उंचीचा ठोकळा पार व्हायला खोलीच्या तापमानानुसार तास ते तीन तास लागू शकतात. लवकर व्हावं म्हणून मधेच वजन वाढवू नका, नोंदी निरर्थक होतात.

तपासणी: वीस मिनिटांनी जड तार हलक्या तारेच्या स्पष्टपणे पुढे दिसली पाहिजे. दोन्ही जागच्या जागी असतील तर बर्फ अजून थंड आहे. वजनं उतरवा, अर्धा तास थांबा, पुन्हा लावा. दोन्ही सारख्याच वेगाने उतरत असतील तर खोली फार गरम आहे.

## ७. खाच खरंच जुळली का?

ठोकळ्याच्या माथ्यावर तारेच्या जागी रुंद होत गेलेली खाच दिसली तर घाबरू नका. वरचे एक-दोन सेंटिमीटर खोलीच्या उष्णतेने उघडेच राहतात. बघायचं असतं ते त्याखाली.

बाजूने उजेड पाडा. तार गेलेल्या वाटेवर बारीक बुडबुड्यांचा अस्पष्ट पडदा दिसेल, धुक्याच्या पातळ पदरासारखा. मग खाचेत खायच्या रंगाचे दोन थेंब टाका. खालचा भाग जुळलेला असेल तर रंग वरच्या खाचेतच साचून राहतो. तो सरळ खाली झिरपला तर खाच उघडी आहे. नुसतं ठोकळा उचलून 'जोडलेला आहे' म्हणण्यापेक्षा ही कसोटी कितीतरी चांगली.

खाच उघडी राहण्याची नेहमीची कारणं दोन: जाड तार आणि गरम खोली. दोन्ही बाबतींत तारेमागे पाणी इतकं साठतं की गोठण्याआधीच ते वाहून जातं.

## ८. वहीत काय लिहायचं

गणित तुमच्या मांडणीचंच करा. तारेची जाडी ०.३ मिलिमीटर आणि ठोकळ्याची रुंदी ८० मिलिमीटर, म्हणून दाब पडणारं क्षेत्रफळ २४ चौरस मिलिमीटर. वजन दोन्ही बाजूंचं मिळून ४ किलो, म्हणजे सुमारे ३९ न्यूटन. भागाकार केला की साधारण १६ लाख पास्कल, म्हणजे १६ वातावरण. त्याला ०.००७५ ने गुणा: ०.१२ अंश. मुलं इथे एकाच बाजूचं वजन धरतात किंवा लोंबणाऱ्या तारेचीही लांबी मोजतात. बर्फाला टेकलेलीच लांबी घ्यायची.

हा ०.१२ अंशांचा फरक थर्मामीटरने 'दाखवायचा' प्रयत्न करू नका. साध्या थर्मामीटरची चूकच त्याच्या कितीतरी पट असते.

कारण लिहिताना 'दाबामुळे तापमान वाढतं आणि बर्फ वितळतो' हे वाक्य सर्रास आढळतं. ते चूक आहे. वाढत काही नाही, द्रवणांक उतरतो. बर्फाची घनता पाण्यापेक्षा कमी, पाण्याच्या सुमारे ०.९१७ पट. वितळल्यावर त्याचं आकारमान घटतं, म्हणून दाब वितळण्याला मदत करतो. मेणासारखे वितळताना फुगणारे पदार्थ याच्या उलट वागतात, त्यांचा द्रवणांक दाबाने चढतो.

'म्हणूनच बर्फावर स्केटिंग करता येतं' हेही वाक्य वहीत नको. ६० किलोंचा माणूस ३ मिलिमीटर जाड आणि २० सेंटिमीटर लांब पात्यावर उभा राहिला तर द्रवणांक एका अंशाच्या शंभराव्या हिश्श्याच्या सात पटच उतरतो. पात्याचा एक सेंटिमीटरच टेकला असं धरलं तरी दीड अंश. स्केटिंग तर उणे दहालाही चालतं. तिथला निसरडेपणा मुख्यतः घर्षणाच्या उष्णतेमुळे आणि बर्फाच्या पृष्ठभागावरच्या सैल, पाण्यासारख्या थरामुळे येतो. दाबाचं खरं उदाहरण हवं असेल तर अंटार्क्टिकातलं वोस्तोक सरोवर लिहा. जवळजवळ ४ किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली तिथलं पाणी उणे ३ अंशांच्या आसपास द्रवरूपात आहे.

## ९. प्रदर्शनाच्या दिवशी

एकाच ठोकळ्याच्या भरवशावर जाऊ नका. तीन गोठवा आणि तिन्ही रात्रभर खालच्या कप्प्यात ठेवून शून्यावर आणा. शाळेत नेताना थर्माकोलच्या खोक्यात, जाड फडक्यात गुंडाळून न्या. सोबत कोरडा बर्फ किंवा मीठ-बर्फ अजिबात ठेवू नका, ठोकळा पुन्हा थंड होईल आणि रात्रीची मेहनत वाया जाईल. पहिल्या ठोकळ्यावर परीक्षक येण्याच्या तासभर आधी वजन चढवा, म्हणजे ते आल्यावर तार पोटात मधोमध अडकलेली दिसेल, वर जुळलेला बर्फ आणि खाली अजून न कापलेला. दुसरा ठोकळा त्यांच्यासमोर सुरू करा. आणि तिसऱ्या ठोकळ्यातून तार आदल्या दिवशीच आरपार काढून ठेवा. तो परीक्षकांच्या हातात द्या आणि तार गेली त्या जागेवर वाकवून मोडायला सांगा.